आई विषय बदलते तेव्हा

‘मी 47 वर्षांची आहे आणि अजूनही दिवस वाईट गेला की आईला फोन लावते,’ असं सुरू होणारं एक चार पानी पत्र या वेळी उत्तरासाठी घेतलं आहे. मजकूर थोडक्यात असा:

आठ महिन्यांपूर्वी ऑफिसात नवे वरिष्ठ आले. पहिल्याच महिन्यात एका मीटिंगमध्ये बारा जणांसमोर त्यांनी या बाईंचं बोलणं मध्येच तोडलं आणि ‘तुम्हाला विषयच कळलेला नाही’ असं म्हणाले. नंतरही हे अधूनमधून चालूच आहे. कामावरून परतताना आईशी वीस-पंचवीस मिनिटं बोलायचं, हा अनेक वर्षांचा शिरस्ता. आई आता 74 वर्षांची आहे. वर्षभरापासून ती ‘अगं, सोड आता’ म्हणते आणि दुसरंच काही काढते. अकरा दिवसांपूर्वी बाई त्याच मीटिंगबद्दल सांगत होत्या, तर आई म्हणाली, ‘थांब हं जरा, कुंडीतल्या झाडाला कळी आलीय, बघून येते,’ आणि फोन बाजूला ठेवून गेली. तेव्हापासून यांनी आईला फोन केलेला नाही. नवऱ्याला सांगायला गेलं तर तो दोन मिनिटं ऐकतो आणि उठून भांडी आवरायला लागतो. 23 वर्षांची मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असते. तिचे दिवसाला तीन फोन येतात आणि तिचं सगळं या ऐकतात. पण एकदा स्वतःचं सांगायला गेल्या, तर ती म्हणाली, ‘आई, तू तरी असं बोलू नकोस ना.’ पत्राच्या शेवटी दोन प्रश्न आहेत: ‘घरातल्या सगळ्यांची मनं मी सांभाळते. माझं एकटीचं मन मला या वयातही सांभाळता येत नाही, हा माझा कमकुवतपणा आहे का? की माझी माणसंच कोरडी झालीत?’

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती, त्याचं कारण पुढे सांगते. आधी तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं देते, कारण अकरा दिवस तुम्ही त्यांच्यापाशीच अडून बसला आहात. तुम्ही कमकुवत नाही. आणि तुमची माणसंही कोरडी झालेली नाहीत. निदान पत्रातून मला जेवढी दिसली, तेवढी तरी नाहीत.

‘या वयात’ हे शब्द तुम्ही पाच वेळा लिहिले आहेत. जणू मन सांभाळणं म्हणजे चालायला शिकण्यासारखं आहे, एकदा जमलं की कुणाचं बोट धरावं लागत नाही. चालता चालता पडलेलं मूल तुम्ही पाहिलं असेल. ते रडण्याआधी क्षणभर आईच्या चेहऱ्याकडे बघतं. रडण्यासारखं काही झालंय की नाही, हे त्याला त्या चेहऱ्यावरून कळतं. मोठेपणी आपली ही सवय जाते असं आपण धरून चालतो, पण ती जात नाही. फक्त चेहरे बदलतात, आणि कुणाच्या चेहऱ्याकडे बघायचं ते आपण निवडायला लागतो. मेंदूचा अभ्यास करणारे जेम्स कोन आणि त्यांचे सहकारी यांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा विवाहित स्त्रियांना एमआरआयच्या यंत्रात झोपवलं आणि पायाच्या घोट्याला हलका विजेचा झटका बसू शकतो, अशी सूचना अधूनमधून पडद्यावर दिली. कधी त्यांनी नवऱ्याचा हात धरलेला असे, कधी अनोळखी माणसाचा, कधी कुणाचाच नाही. नवऱ्याचा हात हातात असताना धोक्याला उत्तर देणाऱ्या मेंदूच्या भागांची धावपळ सगळ्यात कमी झाली. नातं जितकं चांगलं, तितका फरक जास्त. अनोळखी हातानेही थोडा फरक पडलाच. या सगळ्या जाणत्या, संसार केलेल्या बायका होत्या. झटका तोच होता, पण सोबत कोणी आहे म्हटल्यावर त्यांच्या मेंदूने धोक्याचा हिशेबच वेगळा केला.

तेव्हा आधारासाठी दुसऱ्याकडे वळणं हे बालपणाचं उरलेलं शेपूट नाही. ते तसं आहे असं मानून तुम्ही स्वतःवर आणखी एक ओझं घातलंत. मुळात अपमानाचं दुःख होतं, त्यावर ‘मला दुःख होतंय म्हणजे मी कच्ची’ हे दुसरं आलं.

आता पेन्सिलीबद्दल. त्या मीटिंगचा प्रसंग तुमच्या चार पानांत तीनदा आला आहे. तिन्ही वेळा कोण कुठे बसलं होतं ते आहे, वरिष्ठांनी हातातलं पेन कसं टेबलावर आपटलं ते आहे, आणि तुमची फाइल उघडीच कशी राहिली तेही आहे. तिसऱ्या वेळचे शब्द जवळजवळ पहिल्या वेळचेच आहेत. मी प्रत्येक ठिकाणी समासात खूण केली. हे तुमची चूक दाखवायला सांगत नाही. माणूस दुखावला की असंच होतं. पण आठ महिने रोज संध्याकाळी आईच्या कानावर हाच प्रसंग याच तपशिलांनी पडत असेल का, हा विचार माझ्या मनात आला, आणि तो तुमच्यापासून लपवणं मला बरोबर वाटत नाही.

आपल्याकडे सगळे म्हणतात, बोल, म्हणजे मन हलकं होईल. बेल्जियममधले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमे यांनी अनेक वर्षं हेच तपासलं. मनाला लागलेला प्रसंग माणसं बहुतेक वेळा कुणाला ना कुणाला सांगतात, पुष्कळदा त्याच दिवशी. सांगून बरं वाटलं, असंही म्हणतात. पण नंतर तो प्रसंग आठवल्यावर होणारा त्रास नुसत्या सांगण्याने कमी झालेला दिसत नाही. ऐकणाऱ्याने ‘अरेरे, फार वाईट झालं गं’ म्हटलं की जवळीक वाढते, एकटेपणा कमी होतो आणि धीर येतो. हे काही थोडं नाही. फक्त त्या प्रसंगाचा काटा जागच्या जागी राहतो. काटा निघायला ऐकणाऱ्याने तोच प्रसंग वेगळ्या बाजूने बघायला लावावं लागतं. आणि दोघांनी मिळून तेच तेच उगाळलं तर काय होतं, हे मानसशास्त्रज्ञ अमांडा रोज यांनी 2002 साली शाळेतल्या मुलामुलींच्या मैत्रीत पाहिलं. एकत्र उगाळणाऱ्यांची मैत्री घट्ट होती, आणि उदासी-काळजीही जास्त होती. ही मुलं शाळेतली होती हे खरं, पण मला त्यात अनेक प्रौढ मैत्रिणी दिसतात आणि माझी एक जुनी मैत्रीही दिसते.

आपल्या भाषेत यासाठी दोन क्रियापदं आहेत आणि मला ती फार आवडतात. आपण समजूत घालतो, आणि समजूत काढतोही. रोजच्या बोलण्यात दोन्ही जवळपास एकाच अर्थाने येतात, पण जरा थांबून बघा. घालताना बाहेरून काहीतरी आत जातं: धीराचे शब्द, पाठीवरचा हात, ‘होईल गं सगळं नीट’. काढताना मात्र आतलंच बाहेर येतं. समजूत आपल्यापाशीच असते, ती दुसऱ्याने हात घालून वर आणायची असते. आणि या दोन्हींच्या आधी एक तिसरी गोष्ट लागते, समजून घेणं. ते झाल्याशिवाय घातलेली समजूत अंगाला लागत नाही आणि काढायला गेलेल्याचा राग येतो.

माझे वडील गेले तेव्हा मी वेळेवर पोचू शकले नाही. जवळजवळ वर्षभर मी एका मैत्रिणीला हेच सांगत होते: निरोप कधी आला, मी कुठे होते, गाडी किती उशिरा निघाली. ती ऐकायची. एका संध्याकाळी ती म्हणाली, ‘त्याच्या आधीचा आठवडाभर तू त्यांच्याजवळ होतीस ना? त्या दिवसांचं काही सांगितलंच नाहीस कधी.’ मी गप्प झाले. मग आठवलं की एका दुपारी मी त्यांची नखं कापली होती. अंगठ्याचं नख जाड झालं होतं, कापताना ते ‘हळू’ म्हणाले आणि मग त्यांनी तसाच हात माझ्या हातात राहू दिला. वर्षभरात मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. त्या रात्रीनंतर गाडी किती उशिरा निघाली हे मी पुन्हा कधी सांगितल्याचं आठवत नाही. मैत्रिणीने मला नवीन काहीच दिलं नव्हतं. पण आधीचं वर्षभर तिने नुसतं ऐकून घेतलं नसतं, तर तो प्रश्न मला बोचला असता, हेही तितकंच खरं.

आता तुमच्या आईकडे येते. मला तिच्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने उभी कारकीर्द या प्रश्नात घालवली, की वय वाढतं तशी माणसं भावनांचं काय करतात. पुढे भरपूर काळ आहे असं वाटतं तेव्हा माणूस नवी माणसं, नवी माहिती, नवे अनुभव जमवत सुटतो, आणि त्यासाठी मनस्तापही पत्करतो. उरलेला वेळ मोजका आहे असं जाणवायला लागलं की तो निवडक होतो. ओळखीपाळखी गळतात, जवळची माणसं राहतात, आणि आजचा दिवस बरा जावा याला महत्त्व येतं. त्यांच्या गटाने 2011 साली एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यात तरुणांपासून नव्वदीपर्यंतच्या माणसांना पेजर दिले होते आणि दिवसातून अनेकदा ‘आत्ता कसं वाटतंय’ हे नोंदवायला सांगितलं होतं. हेच काही वर्षांच्या अंतराने पुन्हा केलं. वय वाढलं तसा रोजच्या भावनांचा तोल एकंदरीत सुधारलेला दिसला. म्हातारपण म्हणजे कुढणं, या समजुतीला हे सरळ छेद देणारं आहे.

पण याची एक दुसरी बाजू आहे, आणि तुमच्या फोनच्या संदर्भात मला तीच महत्त्वाची वाटते. मानसशास्त्रज्ञ सुझन चार्ल्स यांनी 2010 साली ती मांडली. वयस्क माणसं तोल राखतात तो बराचसा वादळाच्या वाटेतून वेळीच बाजूला होऊन. विषय बदलतात, सोडून देतात, लक्ष दुसरीकडे वळवतात. हे त्यांचं अनुभवातून आलेलं कसब आहे. मात्र वादळात सापडलीच, तर म्हातारं शरीर लवकर निवत नाही. वाढलेली धडधड, चढलेला ताण उतरायला तरुणांपेक्षा जास्त वेळ लागतो. आता तुमचा फोन आईच्या बाजूने बघा. तुम्ही घराच्या दारापर्यंत येता, फोन ठेवता, आत जाता. बोलून तुम्ही मोकळ्या झालेल्या असता. ती मात्र ऐकून भरलेली असते. तिच्या लेकीला कुणीतरी बारा माणसांत खाली बघायला लावलं, आणि 74 व्या वर्षी ती त्याबद्दल काहीही करू शकत नाही. ती तुमच्या ऑफिसात येऊ शकत नाही, त्या माणसाला दोन शब्द सुनावू शकत नाही. रात्रभर ते तिच्याजवळ राहतं. ‘अगं, सोड आता’ हे वाक्य तुम्ही ‘तुझं मला ऐकायचं नाही’ असं ऐकलंत. मला त्यात ‘मला हे आता पेलत नाही’ असंही ऐकू येतं.

आणि ती कळी. फोन मध्येच ठेवून जाणं दुखवणारंच आहे, त्यावर मी पांघरूण घालत नाही. पण ती विषय बदलत होती, की तिचा विषय सांगत होती? चांगली बातमी घेऊन माणूस आपल्या माणसाकडे जातो तो त्याने त्या आनंदात सामील व्हावं म्हणून. 2004 साली शेली गेबल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की चांगली गोष्ट कुणाला सांगितल्याने, आणि समोरच्याने ती मनापासून उचलून धरली तर आणखीच, त्या गोष्टीच्या मूळ आनंदावर वेगळी भर पडते. मनाला दुसऱ्याची मदत फक्त दुःखातच लागते असं नाही. तुमच्या पत्रात आई तुमच्यासाठी काय करत नाही, ते दीड पान आहे. ती संध्याकाळी एकटी असताना तिला कसं वाटतं, याबद्दल एक ओळही मला सापडली नाही. इतकी वर्षं ती ऐकणारी आणि तुम्ही सांगणाऱ्या. कदाचित आता तिलाही कधीतरी सांगणारी व्हायचं असेल.

आणखी एक गोष्ट तपासून घ्या, कारण ती नेहमी सुटते. आईला फोनवर नीट ऐकू येतं का? वयानुसार ऐकणं कमी झालं की भराभर आणि चढ्या सुरात बोललेलं पटकन निसटतं. ‘ऐकू आलं नाही’ असं दर वेळी म्हणायचा संकोच वाटतो, म्हणून पुष्कळ माणसं विषयच बदलतात. तसं वाटलं तर कान तपासून घ्या. विषय बदलण्याबरोबर शब्द न आठवणं, नुकतंच बोललेलं विसरणं किंवा आवडीच्या गोष्टींतून मन उडणं दिसत असेल, तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका. कळी बघायला धावणाऱ्या बाईचं मन उडालेलं नाही, एवढं मी इथून सांगू शकते.

नवऱ्याबद्दल थोडंच लिहिते, कारण तुम्हीही थोडंच लिहिलं आहे. तो दोन मिनिटं ऐकतो आणि भांडी आवरायला लागतो. ती एरवी कोण आवरतं? न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या परीक्षेला बसलेल्यांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या रोजच्या नोंदींचा अभ्यास नियाल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केला. जोडीदार म्हणत होता ‘मी आज आधार दिला’ आणि परीक्षार्थीच्या ते लक्षातही आलं नव्हतं, असा आधार सगळ्यात उपयोगी पडलेला दिसला. उघडउघड दिलेल्या आधाराने उलट ‘मला मदत लागतेय’ याची टोचणी लागू शकते. तुमच्या नवऱ्याला कदाचित तेवढीच भाषा येते. म्हणून तेवढ्यावर समाधान माना असं नाही. पण तो उठून जातो तेव्हा तुमच्यापासून लांब जातो की तुमच्या वाटणीच्या कामाकडे जातो, हे एकदा नीट बघा. मग त्याला सांगा, ‘भांडी नंतर. दहा मिनिटं बस. काही सुचवू नकोस, नुसतं ऐक.’ काय हवंय ते कळलं नाही म्हणून गप्प बसणारी माणसं खूप असतात, आणि दहा मिनिटं म्हटलं की त्यांनाही धीर येतो.

मुलीचं वेगळं आहे. ‘तू तरी असं बोलू नकोस ना’ यात मला भीती दिसते. ती 23 वर्षांची आहे, शहर नवं आहे, नोकरी नवी आहे. दिवसातून तीनदा ती ज्या जमिनीवर पाय टेकून बघते, ती जमीन तुम्ही आहात. ती हलली की तिला दचकायला होणारच. तुमच्या ऑफिसचं सगळं तिच्यावर ओतू नका. पण हसरा मुखवटा लावूनही बोलू नका. एमिली बटलर यांच्या 2003 सालच्या प्रयोगात एकमेकींना न ओळखणाऱ्या दोन-दोन स्त्रियांना अस्वस्थ करणारी फिल्म दाखवून तिच्यावर बोलायला लावलं होतं. काही जोड्यांत एकीला भावना चेहऱ्यावर दिसू न देण्याची गुपचूप सूचना होती. समोर बसलेल्या दुसरीचा रक्तदाब वाढला. तिला कारण माहीत नव्हतं, पण काहीतरी दाबलं जातंय हे शरीराने टिपलं. मुलीला एवढं सांगा: ‘आजचा दिवस वाईट गेला, मी त्याचं बघतेय, आज तूच जरा बोल.’ तीन वाक्यं पुरतात. तिला खरं कळतं, आणि ते निस्तरणं तिच्या गळ्यात पडत नाही. अजून दहा वर्षांनी तीच तुम्हाला असा एखादा प्रश्न विचारेल की तुमचं मन उकलेल. आज तिच्याकडून ती अपेक्षा नको.

मग तुमचं कुणी ऐकायचं? आतापर्यंत तुम्ही सगळ्या गोष्टी एकाच दारात नेत होतात. ते दार बंद झाल्यासारखं वाटलं आणि तुम्ही रस्त्यावर आल्यासारख्या झालात. इलेन च्युंग आणि सहकाऱ्यांच्या 2015 सालच्या अभ्यासात असं दिसलं की रागासाठी एक, उदासीसाठी दुसरं, आनंदासाठी तिसरं अशी वेगवेगळी माणसं ज्यांच्याकडे असतात, ते सगळ्यासाठी त्याच एक-दोघांकडे जाणाऱ्यांपेक्षा अधिक समाधानी असतात. तुमच्या पत्रात एका शाळेच्या मैत्रिणीचा उल्लेख आहे, ‘ती फक्त हसवते, गंभीर बोलणं तिच्याशी होत नाही’ असा, आणि तो तक्रारीच्या सुरात आहे. पण काही संध्याकाळी मन उकलायची ताकद नसते, ते नुसतं रमवावं लागतं. त्या दिवशी तिला फोन करा आणि स्पष्ट म्हणा, ‘आज ऑफिसचं काही विचारू नकोस, मला हसव.’

आणि ते बारा जण? हे वाचताना मी सगळ्यात जास्त अडखळले. त्या खोलीत तुमच्याशिवाय, वरिष्ठांशिवाय माणसं होती. आठ महिन्यांत त्यांच्यापैकी एकाशीही तुम्ही त्याबद्दल बोलल्याचं पत्रात दिसत नाही. आईने तो प्रसंग पाहिलेला नाही. ती फक्त तुमचं दुःख बघू शकते. पण त्या टेबलाशी बसलेलं एखादं विश्वासाचं माणूस ‘मलाही ते खटकलं होतं’ असं म्हणू शकतं, किंवा ‘ते सगळ्यांशीच असं वागतात’ असं, किंवा तुम्हाला न दिसलेलं काहीतरी तिसरंच. यातलं काहीही ऐकलंत तरी तो प्रसंग पहिल्यासारखा राहणार नाही. एकीला किंवा एकाला गाठा. ‘त्या दिवशीचं तुला कसं वाटलं?’ एवढंच विचारा आणि मग स्वतः गप्प बसा.

कारण मन सांभाळायचं म्हणजे अन्याय गिळायचा असा माझा अर्थ अजिबात नाही. राग येतो तो काहीतरी चुकतंय म्हणून, आणि तुमच्या बाबतीत चुकतंयच. असं पुन्हा घडेल तेव्हा त्याच दिवशी तारीख, वेळ, नेमके शब्द आणि हजर असलेल्यांची नावं वहीत लिहून ठेवा. लिहिलेलं सारखं आठवत ठेवावं लागत नाही, आणि तक्रार करायची वेळ आली तर हाताशी पुरावा असतो. त्या वरिष्ठांशी एकट्याने बोलायचं की वरपर्यंत जायचं, हे खोलीतल्या त्या दुसऱ्या माणसाशी बोलल्यावर ठरवा.

फोन उचलण्याआधी स्वतःला विचारा: मला आत्ता हलकं व्हायचंय, उकल हवीय, की हे विसरायचंय? तिन्ही मागण्या रास्त आहेत, पण तिन्हींसाठी माणसं वेगळी, आणि समोरच्याला आधी सांगितलं नाही तर तो आपल्या सवयीचं तेच देतो. पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय की पहाटे चार वाजता जाग येते आणि मग झोप लागत नाही. हे कधीपासून? दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली असेल, जेवण तुटलं असेल, कशातच रस वाटत नसेल, तर घरच्या-मैत्रिणींच्या जोडीला डॉक्टर किंवा समुपदेशक हवा, तोही लवकर. आणि जगू नये असा विचार एकदा जरी येऊन गेला, तर त्या दिवशी एकट्या राहू नका, जवळच्या कुणाला तरी उठवून सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आईला मात्र आजच फोन करा. अकरा दिवस तीही फोनकडे बघत असेल. का केला नाहीत याचं स्पष्टीकरण लगेच नको, आणि मीटिंगचं तर नकोच. पुढे कधी वाटलं तर म्हणा, ‘आई, पाच मिनिटं माझं ऐकशील का, मग तुझं सांग,’ आणि पाचव्या मिनिटाला खरंच थांबा. ती फोन ठेवून गेली त्याचं वाईट वाटलं होतं, हेही सांगा, पण समोरासमोर बसून, तिचा हात हातात घेऊन. आज फक्त विचारा की त्या कळीचं पुढे काय झालं. एव्हाना फूल येऊन गळूनही गेलं असेल. ते कसं होतं, कोणत्या रंगाचं, किती दिवस टिकलं, हे तिला सगळं सांगू द्या.